कोणीतरी कळ दाबेपर्यंत

ठाण्याला खोपटच्या डेपोत एसटीतून उतरले तर नरेश, माझा थोरला, समोरच उभा. तो त्या वेळी इस्पितळात त्याच्या आत्याजवळ बसलेला असायला हवा होता. माझ्या हातात पेजेचा डबा होता, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, अजून कोमट. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "आई, आता डबा नको." बस, एवढंच म्हणाला. मग आम्ही दोघं तिथल्या बाकड्यावर बसलो. समोर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर दारात लोंबकळून गावांची नावं ओरडत होते, आणि मी नरेशला काय विचारलं असेल तर, "पहाटे चादर बदललेली का रे तिची?" माणसाचं डोकं अशा वेळी कुठे जाईल, काही सांगता येत नाही.

सुमन माझी नणंद. सांगायला नणंद, पण मी लग्न होऊन डोंबिवलीकडच्या मानपाड्याजवळ आमच्या गावात आले तेव्हा ती फ्रॉक घालून शाळेत जायची. तिची वेणी मी घातली, तिला पाटीवरचा अभ्यास करताना बघत बघत मीच पुढचं शिकले. माझी शाळा सातवीत सुटलेली. तिची पुस्तकं दुपारी माझ्याकडे असायची, संध्याकाळी तिच्याकडे. पुढे ती कॉलेजात गेली, रसायनशास्त्र घेतलं, तिथे मात्र मी हात टेकले. "वहिनी, तू वाचायचं सोडू नकोस," म्हणायची. नाही सोडलं. हे जे चार शब्द लिहितेय ते तिच्यामुळेच.

आदल्या दिवशी मी तिला शेवटची भेटले. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, अंगावर सूज, बोलायला दम लागायचा. तरी मी खाटेजवळ गेले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "यमुना काही म्हणाली?" त्या दिवशीही तेच. मी म्हटलं, "विचारत होती तुझं." खोटं बोलले. सुमनला ते कळलं असणार, ती लहानपणापासून माझं खोटं ओळखायची. पण डोळे मिटून म्हणाली, "बरं."

आता यमुना कोण, आणि सुमन मरता मरताही तिच्याच एका शब्दासाठी का थांबलेली, हे सांगायचं तर मला त्या कंपनीपासून सुरुवात करायला हवी.

आमची भातशेती सरकारने कारखान्यांसाठी घेतली, तेव्हा ठरलेलं की घरटी एकाला नोकरी. आमचे हे आधीच म्युनिसिपालटीत लागलेले. भावकीतल्या लोकांनी सुचवलं, की चुलत घरातल्या एखाद्या मुलाचं नाव द्या. पण माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर चिखलात उभं राहून लावणी केली, त्या ओटीवर बसून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जमीन आपली, पोर आपली शिकलेली. तिनं तिथं पाय ठेवला तं काय बिघरला?" झालं. सुमन कंपनीच्या लॅबोरेटरीत लागली. ज्या जागी आमचं खळं होतं ना, तिथे आता लॅबोरेटरीची भिंत, असं ती हसत सांगायची.

यमुनेचा नवरा गजानन, आमचा गजू, त्याच कंपनीत ऑपरेटर. त्याचीही जमीन गेलेली. भावकीतला, नात्याने सुमनचा भाऊ, आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारा. मोठ्याने बोलणारा, मोठ्याने हसणारा, आणि सुमनला चिडवल्याशिवाय ज्याचा दिवस जायचा नाही असा. त्याचं काम असं, की एका मोठ्या बंद भांड्यात, ते लोक त्याला रिअ‍ॅक्टर म्हणतात, औषधाचा माल शिजत असायचा, त्याची गरमी वाढायला लागली की पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. भांड्यावर काट्याचं घड्याळ होतं, शिडी चढून ते बघायचं. दिवसभर चढ, उतर.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा कंपनीत कॉम्प्युटर आला. त्याला काचेची खोली, एसी, दाराबाहेर चपला काढायच्या. देवघरच म्हणा. सगळे सायबलोक त्याच्याकडे लांबून बघायचे. सुमनने ठाण्याला संध्याकाळचा क्लास लावला आणि स्वतःच्या हिकमतीने एक प्रोग्रॅम लिहिला. भांड्यापासून काचेच्या खोलीपर्यंत वायर आणली, आणि गरमी किती ते कॉम्प्युटर आपोआप घेऊन पडद्यावर रेघ काढायचा. गरमी वाढली की रेघ वर, उतरली की खाली. पडदा डावीकडून उजवीकडे भरला की पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मला हे तिने चुलीसमोर बसून सांगितलं, राखेत बोटाने रेघ काढून. मला कळलं म्हणून तिला कोण आनंद.

पण गजूचं समाधान नव्हतं. एका रविवारी तो आमच्या ओटीवर आला. मी सुकट निवडत होते, सुमन केस वाळवत होती. तो म्हणाला, "सुमे, तुझा तो टीव्ही काय कामाचा नाय."

"का रे दादा? काय झालं?"

"अगं, मी खालून येतो, बूट काढतो, हात पुसतो, आत जातो, तोवर तू पुसून मोकळी. माणसाला बघू तरी दे. तुला काय घाई, कुठं लग्नाला जायचंय?"

"लग्नाला तू नेशील तर जाईन."

"ते नंतर बघू. आधी त्याला थांबायला शिकव. मी येऊन बघेन, मग मीच सांगेन त्याला, जा पुढं."

ती हसली, पण सोमवारी करूनच आली. मला सांगितलं ते असं, "वहिनी, आता पडदा भरला की तो थांबतो. खाली ओळ येते, पुढे जायला कोणतीही कळ दाबा. जोपर्यंत कोणी माणूस येऊन कळ दाबत नाही, तोपर्यंत हलत नाही." मी विचारलं, "आणि तोपर्यंत भांड्याची गरमी कोण बघतं?" म्हणाली, "तोपर्यंत तो गरमी घेत नाही. पण गजूदादा येतो ना. तो येतोच." आणि खरंच यायचा. पहिले कितीतरी महिने आला. काचेच्या खोलीत जाऊन, रेघ नीट बघून, बोट दाबून, "जा पुढं" म्हणायचा, म्हणे. सगळ्या पाळ्यांतल्या माणसांना त्याने ती सवय लावली. मात्र शिडी चढून काटा बघायचं हळूहळू सुटलं. पडद्यावर दिसतंय की, मग गुडघे कशाला झिजवायचे...

त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे, कारखान्यांतही, त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, तराजू, कोयते, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. तो त्या हत्याराचा विश्रांतीचा दिवस. कंपनीत वर्कशॉप बंद होतं, लॅबोरेटरीला सुट्टी होती, पण भांडं काही बंद होत नाही. त्यात माल अर्ध्यावर शिजत असेल तर तो शिजवूनच पुरा करावा लागतो, आणि माल अर्ध्यावर होता. कॉम्प्युटरही चालू. साहेबांनी सांगितलेलं, "सुमनताई, कॉम्प्युटरची पूजा तुमच्या हातची." नवी साडी नेसून गेली. कळांवर हळदकुंकवाची बोटं टेकवली, कळांच्या मधोमध झेंडूची फुलं ठेवली, पडद्याला माळ घातली, नारळ फोडला, पेढे वाटले आणि जेवायला घरी आली. मी पुरणपोळ्या केलेल्या.

आम्ही जेवून उठलो नव्हतो. आधी भांडी हलली फळीवरची. मग आवाज. आवाज असा की आधी कानाला नाही, पोटाला कळला. बाहेर आलो तर मानपाड्याच्या बाजूला पिवळा धूर, आणि सुमन तशीच उष्ट्या हाताने धावत सुटलेली.

पडदा भरला होता. तिने पूजा करून दाराबाहेर पाऊल टाकलं असेल नसेल, तेव्हाच. पडद्यावर छान सपाट रेघ, जशी हवी तशी. "कळ दाबा" ही ओळ झेंडूच्या माळेआड गेलेली. पाळीवरची माणसं काचेबाहेरून येऊन बघून गेली, गजूही दोनदा येऊन गेला असं नंतर कळलं. रेघ सपाट, म्हणजे सगळं ठीक. आत जाऊन कळ दाबायची तर पूजेतल्या फुलांना हात लावायचा, हळदकुंकू मोडायचं. कोण लावणार? खंडेनवमीला पूजलेलं हत्यार आमच्यातला कोण उचलतो? ती रेघ सकाळची होती. भांडं त्यानंतर तापत गेलं. गजू व्हॉल्व्हपाशी उभा होता तेव्हा ते फुटलं. त्याला आम्हाला बघू दिलं नाही. चादरीत बांधूनच आणला. यमुना बावीस-तेवीसची असेल, कडेवर लहान मुलगा.

चौकशी बसली. आता जे सांगते ते फार थोड्या माणसांना ठाऊक होतं, म्हणून नीट सांगते. भांड्यावर धोक्याची घंटा होती. ती उगाचच वाजते म्हणून तिची वायर कधीची सोडवून ठेवलेली. एका फिटरने आमच्या घरी येऊन हे सांगितलं, हात जोडून, माझं नाव घेऊ नका म्हणून. पण चौकशीत घंटेचं कोणी काढलं नाही. काढलं ते प्रोग्रॅमचं. प्रोग्रॅम थांबला म्हणून झालं. हे थांबणं कोणी घालायला सांगितलं, असं साहेबांनी विचारलं. सुमन म्हणाली, "कोणी नाही. मी माझ्या मनाने घातलं."

घरी आली तेव्हा मी तिला धरलं. "अगं, गजूने सांगितलेलं. माझ्यासमोर सांगितलेलं, याच ओटीवर. आणि फिटर घंटेचं सांगून गेला ते?"

"घंटा बंद होती, खरं आहे. पण माझं चित्र चालू असतं तर घंटा लागली नसती."

"आणि गजू?"

"त्याचं नाव मी घ्यायचं? वहिनी, त्याचा मुलगा उद्या मोठा होईल. लोक त्याला सांगतील, तुझ्या बापानेच मागून घेतलं. त्यापेक्षा माझं असू दे." मग माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला. "तू कोणाला सांगायचं नाहीस. यमुनेला तर नाहीच. मी आहे तोवर नाही." मी काय करणार होते? हात काढून घेता येत नव्हता.

नोकरी गेली. खडवलीचं स्थळ जवळजवळ ठरलेलं, त्यांनी निरोपही न देता यायचं बंद केलं. तिने त्याचं काही मनाला लावून घेतलेलं मी पाहिलं नाही. तिच्या मनाला एकच गोष्ट लागलेली. गजूच्या तेराव्याला ती यमुनेच्या घरी निघाली. पांढरी साडी, हातात काही नाही. मी मागून बघत होते. अंगण ओलांडलं, उंबऱ्यापाशी पोचली आणि उभी राहिली. बराच वेळ. मग वळली आणि परत आली. म्हणाली, "वहिनी, आत जाऊन बोलणार काय?" मी म्हटलं, काही बोलू नकोस, नुसती बस. "तिने तोंड फिरवलं तर?" पुन्हा ती त्या अंगणात कधी गेली नाही.

आणि यमुनाही आमच्याकडे आली नाही. गावाने समजायचं ते समजून घेतलं, की दोन घरांत वैर आहे. नळावर दोघी शेजारी उभ्या राहायच्या, हंडे भरायच्या, नजर पाण्याकडे. एक शब्द नाही. भांडण तरी व्हावं असं मला वाटायचं. शिव्या द्याव्यात तिने, झिंज्या धराव्यात. काहीच नाही. दहा-अकरा वर्षं असंच पाणी भरत राहिल्या दोघी. यमुनेचा मुलगा मिसरूड फुटण्याएवढा झाला, हुबेहूब गजूसारखा हसणारा. तो रस्त्यात दिसला की सुमन पदर चाचपायची, उगाचच, आणि बाजूच्या गल्लीत वळायची.

आमच्या मागच्या खोलीत ती मुलांचे गणिताचे क्लास घ्यायची. डोंबिवलीतून मुलं यायची, चाळींतली, बिल्डिंगांतली. शिकवायची चांगलं, पण एक विचित्र खोड होती. मुलाला प्रश्न विचारला की ती थांबायची. मुलाने उत्तर देईपर्यंत एक अक्षर नाही, सुचवणं नाही, रागावणं नाही. मुलं चुळबुळायची, खिडकीकडे बघायची, रडकुंडीला यायची, ही आपली हात मांडीवर ठेवून बसलेली. एकदा एक आई तणतणत आली, "बाई काही बोलतच नाहीत, फी कसली घेतात?" मी सुमनला विचारलं, तर म्हणाली, "त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही ना. समोर सपाट दिसतं." ती त्या दिवसातून बाहेर आलेलीच नव्हती. आम्ही तिला नवीन साड्या आणल्या, तीर्थाला नेलं, डॉक्टर केले. कशाने काही झालं नाही. पुढे रक्तदाब, मग मूत्रपिंडं. औषधं वेळेवर घ्यायची नाही. मी ओरडले तर म्हणायची, "घेते गं," आणि गोळी तिथेच राहायची. मला तर वाटतं ती आजाराने गेली नाही... पण जाऊ दे, हे लिहून कोणाचं भलं व्हायचंय.

तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी यमुना दारात उभी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. केस कानाशी पिकलेले, हातात पिशवी, त्यात दोन नारळ. मी "ये" म्हटलं. ती आत आली आणि विचारलं, "कुठं बसायची ती?"

मी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथेच, उभ्या उभ्या, मी सगळं सांगून टाकलं. शपथ सुमन असेपर्यंतची होती. सांगितलं की बाई, ते थांबणं गजूने मागितलेलं, माझ्यासमोर मागितलेलं, आणि सुमनने तुझ्या मुलासाठी ते स्वतःवर घेतलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर म्हणेल खोटं आहे. ती म्हणाली, "मना म्हाईत व्हता, ताई."

मला कळेचना. "काय माहीत होतं?"

"त्यानंच सांगितलेला. सुमीनं ते केला ना, त्याच सांजेला घरी आला तो, पोराला खांद्यावर घेऊन नाचला. म्हने, आता कंपनीचा कॉम्प्युटर माज्या सांगन्यावर थांबतो. रातभर मना तेच सांगत व्हता."

"मग इतकी वर्षं तू..."

ती सुमनच्या खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर.

"तेराव्याला ती उंबऱ्यापरत आलेली. मी आतून बघितला. मी म्हटला, येऊ दे आत, मंग सांगू तिला की मना म्हाईत हाय. ती उभी ऱ्हायली, मी पन उभी ऱ्हायली. मंग ती गेली." पिशवीचे बंद तिने बोटाला गुंडाळले. "मना वाटला, ती शिकलेली, तीच येल परत. नलावर रोज वाटायचा, आज बोलंल. आनि खोटा कशाला बोलू, राग पन व्हता मना. म्हाईत असून राग व्हता. फुलं तिनंच ठेवलेली ना."

"तू एकदा हाक मारली असतीस तर..."

"व्हय," म्हणाली. नुसतं व्हय.

शेवटच्या दिवसांत सुमन तिचंच विचारायची, हे मी तिला सांगावं की नको, असं माझ्या मनात चाललेलं. सांगितलं. तिने मान हलवली, जशी नळावर हंडा भरल्यावर हलवायची तशी. मग विचारलं, खुर्ची अशी उलटी का मांडलीय. मुलांकडे तोंड आणि खिडकीकडे पाठ, सुमन कायम तशीच बसायची. मी म्हटलं, त्या खिडकीतून तुझं अंगण दिसतं. यमुना उठली, खिडकीची कडी ओढायला लागली. कडी गंजलेली, त्यावर दोनदा रंग बसलेला. मी पण हात लावला. दोघींनी जोर केला, नाही उघडली. मी म्हटलं, उद्या नरेशला तेल घालायला सांगते. "नको," म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

हे सगळं मी पेपरात लिहू का, असं तिलाच विचारलं. तिचा मुलगा आता मोठा आहे, त्याला तिने स्वतः सांगितलंय. "लिव्ह," म्हणाली. "सुमीचं नाव घालून लिव्ह."

क्लास बंद झाला, मुलं दुसरीकडे जायला लागली. यमुना मात्र दुपारी येते, रोज नाही, पण येते. तिच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि माझ्याजवळही विचारण्यासारखं नसतं. मी कधी चहा ठेवते, कधी ठेवतही नाही. ती मागच्या खोलीत जाते आणि बसते, सुमन बसायची तशीच, हात मांडीवर ठेवून, खिडकीकडे पाठ करून.